कॅमेऱ्याचं बटण कुणाच्या हातात?

या वेळी आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रं एकाच विषयाभोवती फिरणारी होती, म्हणून ती एकत्र घेतली आहेत. पहिल्या पत्राला जास्त जागा दिली आहे, कारण मुलं परदेशात आणि आई-वडील इथे एकटे अशी घरं आता आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत. पत्रलेखकांच्या विनंतीवरून नावं छापलेली नाहीत.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे, वय 74. सांगलीत एकटी राहते. मुलगा आणि सून कॅलिफोर्नियात असतात. गेल्या वर्षी स्वयंपाकघरात घसरून पडले आणि मनगट मोडलं. मुलगा आला तेव्हा त्याने हॉलमध्ये आणि स्वयंपाकघरात कॅमेरे बसवून घेतले. तिकडे बसून तो मोबाइलवर सगळं बघू शकतो, बोलूही शकतो. “आई, दुपारची गोळी राहिली बघ, डबी अजून ओट्यावरच दिसतेय,” असा एकदम आवाज येतो आणि मी दचकते. त्याची काळजी मला कळते. पण बहिणीशी फोनवर बोलायचं झालं तर मी आता मागच्या गॅलरीत जाते. दुपारी गाऊनवर सोफ्यावर आडवं होणं सोडून दिलंय. कॅमेरे काढ म्हटलं तर तो दुखावेल. मला हे नकोसं वाटतं, यात माझंच काही चुकतंय का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : नाही, तुमचं काहीही चुकत नाही. स्वतःच्या घरात, सख्ख्या बहिणीशी बोलायला तुम्हाला मागच्या गॅलरीत जावं लागतं, ही एकच गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

लपवण्यासारखं काही नसेल तर कुणी बघितलं म्हणून काय बिघडलं, असं अशा वेळी हमखास विचारलं जातं. कदाचित मुलानेही विचारलं असेल. या प्रश्नातच खोट आहे. दुपारी सोफ्यावर आडवं होण्यात लपवण्यासारखं काय आहे? काहीच नाही, आणि तरीही कुणी बघत असताना ते जमत नाही. फ्रेंच तत्त्वज्ञ ज्याँ-पॉल सार्त्र याने 1943 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात या अनुभवाचा फार बारकाईने विचार केला आहे. कुणीतरी आपल्याकडे बघतंय हे कळताक्षणी माणूस स्वतःकडे बाहेरून बघायला लागतो. आपण कसे बसलोय, कसे दिसतोय, दुसऱ्यांदा भात घेतला तो जास्त झाला का, असं मनात सुरू होतं. सार्त्रच्या उदाहरणात बघणाऱ्याच्या पावलांचा आवाज तरी येतो. कॅमेऱ्याच्या बाबतीत तेवढंही नाही. या घडीला मुलगा बघतोय की मीटिंगमध्ये अडकलाय हे तुम्हाला समजायला काही मार्ग नाही. त्यामुळे तो बघत नसतो तेव्हाही तुम्ही सावरूनच बसता. दिवसातली दहा मिनिटं त्याने बघितलं असेल, पण तुम्ही मात्र चोवीस तास त्या नजरेखाली आहात.

मुलाची बाजूही समजून घ्यायला हवी. आई पडली तेव्हा आपण हजारो मैलांवर होतो, ही सल साधी नसते. तिथून त्याचा हात पोचतो तो फक्त मोबाइलपर्यंत, आणि मोबाइलवर त्याला जे विकत मिळतं ते त्याने विकत घेतलं. त्याच्या मायेबद्दल शंका घेण्याचं कारण नाही. पण माया खरी असली म्हणून तिने निवडलेलं साधन योग्यच असतं असं नाही. म्हणून आधी साधनाकडे बघू.

कॅमेरा पडण्यापासून वाचवत नाही, तो पडणं दाखवतो, आणि तेही त्या वेळी पलीकडे कुणी बघत असेल तर. तुमच्याकडे दुपारचे दोन वाजतात तेव्हा उन्हाळ्यात कॅलिफोर्नियात रात्रीचा दीड वाजलेला असतो. म्हातारपणी पाय घसरण्याची मोठी धास्ती असते ती बाथरूममध्ये, ओल्या फरशीवर, नाही तर रात्री उठून अंधारात तिकडे जाताना, आणि तिथे कॅमेरा लावता येत नाही, लावूही नये. म्हणजे जिथे धोका जास्त तिथे कॅमेरा नाही, आणि जिथे आहे तिथे तो बहुतांश वेळ तुमचा वावर टिपण्याचं काम करतो. गोळीची डबी ओट्यावर राहिली, हे त्याला दिसतं. ती गोळी घेतल्यावर तुम्हाला गरगरतं म्हणून तुम्ही टाळताय की काय, हे मात्र फोन करून विचारल्याशिवाय त्याला कळणार नाही.

जपानात या पेचावर बरीच वर्षं आधी एक शहाणी वाट सापडली होती. 1996 मध्ये टोकियोत एक वृद्ध आई आणि तिचा आजारी मुलगा राहत्या घरात उपासमारीने मरण पावले आणि आजूबाजूला कुणाला पत्ता लागला नाही. त्या घटनेने अस्वस्थ झालेल्या एका डॉक्टरच्या सूचनेतून झोजिरुशी कंपनीने 2001 मध्ये एक विजेची किटली आणली, नाव आय-पॉट. जपानी घरात दिवसभरात अनेकदा चहा होतो. आजीने चहासाठी किटलीतून पाणी घेतलं की त्याची नोंद बिनतारी यंत्रणेने पुढे जाते आणि दूर राहणाऱ्या मुलाला किंवा मुलीला दिवसातून दोनदा ईमेल येते : अमुक वाजता किटली वापरली. एवढंच. आजीने कोणते कपडे घातले होते, टीव्हीवर काय चाललं होतं, घरी कोण आलं होतं, यातलं काही त्यात नाही. सकाळपासून किटलीला हातच लागलेला नाही असं दिसलं की मुलगी फोन उचलते.

या किटलीचं मला सगळ्यात मोल वाटतं ते याचं, की ती बनवणाऱ्यांनी किती कमी कळलं तरी भागेल हा विचार आधी केला. आज बाजारात मिळणाऱ्या बहुतेक स्मार्ट वस्तूंची रचना उलटी आहे. जेवढं टिपता येईल तेवढं आधी टिपायचं आणि त्याचा उपयोग काय ते नंतर ठरवायचं. तुमच्या मुलाला खरं तर एकाच प्रश्नाचं उत्तर हवंय : आई उठली का, ती ठीक आहे का? त्यासाठी तुमची सबंध दुपार त्याच्या पडद्यावर असण्याची गरज नाही. आता दाराची उघडझाप किंवा खोलीतली हालचाल तेवढी ओळखणारे, चित्र न टिपणारे सेन्सर मिळतात. पडल्यावर ओळखून आपोआप फोन लावणारी मनगटी घड्याळं 2018 पासून बाजारात आहेत. गळ्यात घालायचं आणीबाणीचं बटण तर त्याहून जुनं आहे. यांपैकी काहीही चालेल, फक्त निवड तुम्ही करायची.

आता थोडं नाजूक बोलतो. समजा तुम्ही स्टुलावर चढून माळ्यावरचा डबा काढलात. मुलाने ते कॅमेऱ्यात बघितलं तर तो ओरडेल, आणि ओरडणं स्वाभाविक आहे. पण स्टुलावर चढायचं की नाही हे 74 वर्षांच्या, आयुष्यभर वर्ग सांभाळलेल्या बाईने ठरवायचं की तिच्या मुलाने? अमेरिकेत रॉबर्ट पर्स्के नावाच्या गृहस्थांनी 1972 मध्ये मतिमंद म्हणून संस्थांमध्ये ठेवलेल्या माणसांविषयी एक लेख लिहिला. त्या माणसांना इजा होऊ नये म्हणून इतकं जपलं जात होतं, की रस्ता ओलांडणं, बसने जाणं, चार पैसे स्वतः खर्च करणं, यांतलं काहीच त्यांच्या वाट्याला येत नव्हतं. पर्स्केंचं म्हणणं असं, की बेताचा धोका पत्करू देण्यात माणसाचा मान आहे आणि तो काढून घेणं म्हणजे त्याला माणूस म्हणून कमी लेखणं. पुढे हा विचार वृद्धांच्या सेवेतही आला. मला तो मनापासून पटतो. सुरक्षितता ही मोठी गोष्ट आहे, पण तीच एकमेव धरली तर उरलेलं आयुष्य फक्त सांभाळून ठेवण्यापुरतं राहतं.

कायदा काय म्हणतो, हेही तुमच्या मनात असेल. उत्तर प्रदेशात दरोड्याच्या आरोपातून पुराव्याअभावी सुटलेल्या खरक सिंग यांच्यावर पोलीस पाळत ठेवत, रात्री-अपरात्री दार ठोठावत. सर्वोच्च न्यायालयाने 1962 मध्ये ते रात्रीचं येणं घटनाबाह्य ठरवलं, पण खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे हे बहुमताने मानलं नाही. तो हक्क मिळायला 24 ऑगस्ट 2017 उजाडावा लागला. नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने एकमताने निर्णय दिला. ज्यांच्या याचिकेतून तो आला ते न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी कर्नाटक उच्च न्यायालयातून निवृत्त झालेले होते. 2012 मध्ये त्यांनी आधारविरुद्ध याचिका केली तेव्हा त्यांनी वयाची 86 वर्षं पूर्ण केलेली होती. म्हातारपणी खाजगीपणा कशाला हवा, असं म्हणणाऱ्यांना हे आवर्जून सांगावं : देशातल्या प्रत्येकाचा हा हक्क एका वयोवृद्ध माणसाच्या याचिकेतून सिद्ध झाला आहे.

पण तुमच्या हॉलमधल्या कॅमेऱ्याला हा कायदा थेट लागू पडत नाही. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने, एखाद्या व्यक्तीने स्वतःच्या खाजगी किंवा घरगुती कामासाठी केलेला माहितीचा वापर आपल्या कक्षेबाहेर ठेवला आहे. ते योग्यच आहे, नाही तर घरोघरीच्या फोटोंवरून खटले उभे राहतील. याचा अर्थ मात्र असा, की कायदा तुमच्या उंबऱ्यापाशी थांबतो आणि आतलं तुम्हा माय-लेकांनाच ठरवावं लागतं.

मुलाला एक गोष्ट जरूर सांगा, तो तंत्रज्ञानातला असेल तर त्याला लगेच उमजेल. तुमच्या स्वयंपाकघराचं चित्र सांगलीतून थेट त्याच्या खिशात जात नाही. बहुतेक कॅमेऱ्यांत ते वाटेत कंपनीच्या संगणकांवरून जातं, अनेकदा तिथे साठवलंही जातं. दारावरचे आणि घरातले कॅमेरे विकणाऱ्या रिंग या कंपनीवर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 2023 मध्ये कारवाई केली. ग्राहक स्त्रियांच्या शयनगृहांतली आणि बाथरूममधली चित्रणं कंपनीच्या एका कर्मचाऱ्याने हजारोंच्या संख्येने बघितली, असं त्या तक्रारीत नमूद होतं. कंपनीने 58 लाख डॉलर भरून प्रकरण मिटवलं. आणि इतकं लांब कशाला, 2025 च्या फेब्रुवारीत राजकोटमधल्या एका प्रसूती रुग्णालयात तपासणीसाठी आलेल्या स्त्रियांची सीसीटीव्ही चित्रणं इंटरनेटवर विकली जात असल्याचं उघड झालं. कॅमेरा बसवताना असतो तो सोपा पासवर्ड अनेक ठिकाणी कुणी बदलतच नाही, आणि चोराला तेवढं पुरतं.

मुलाशी बोलताना ‘कॅमेरे काढ’ यापासून सुरुवात करू नका. गॅलरीची गोष्ट सांगा. तुम्ही मला लिहिलंत तसंच त्याला लिहा. त्याला हे माहीत नसण्याची शक्यता जास्त आहे, कारण कॅमेऱ्याला मागची गॅलरी दिसत नाही. मग काही ठरवून घ्या. स्वयंपाकघरातला कॅमेरा काढायचा. हॉलमधला ठेवायचाच असेल तर त्याच्या प्लगचं बटण तुमच्या हाताशी हवं, आणि तुम्ही तो बंद केलात तर कारण विचारायचं नाही. त्यातून अचानक आवाज द्यायचा नाही, बोलायचं तर फोन करायचा. बाथरूममध्ये पकडायला दांडा, खाली न घसरणारी मॅट आणि रात्रीचा एक छोटा दिवा, हे पुढच्या आठवड्यात करून घ्या. त्याला कॅमेऱ्याहून कमी खर्च येतो. शेजारच्या घरी एक किल्ली आणि मुलाकडे शेजाऱ्यांचा नंबर असू द्या. ज्येष्ठांसाठीची देशभरातली मोफत हेल्पलाइन 14567 आहे, तो नंबर फोनजवळ लिहून ठेवा. आणि मुलाला म्हणा, तुझ्या स्वयंपाकघरातलंही मला रोज पाच मिनिटं दाखव. तुम्ही दिसता त्याला आणि तो दिसत नाही तुम्हाला, हा एकतर्फीपणा मला या व्यवहारात सर्वांत जास्त खटकतो.

एक अपवाद सांगायलाच हवा. उद्या स्मरणशक्तीने दगा दिला, गॅस चालू राहायला लागला, घराबाहेर पडल्यावर रस्ता सापडेनासा झाला, तर हिशोब बदलेल. तेव्हा जास्त देखरेख लागेल आणि तिला नाही म्हणण्याची तुमची क्षमताही तशी उरणार नाही. म्हणून तेव्हा काय चालेल आणि काय नाही हे आत्ताच, चांगल्या मनःस्थितीत, कागदावर लिहून मुलाला द्या. मानसिक आरोग्यसेवा कायदा 2017 ने उपचारांच्या बाबतीत असं आगाऊ लिहून ठेवण्याचा हक्क दिलेला आहे. देखरेखीच्या बाबतीत तोच मार्ग घरातल्या घरात वापरायला कुणाची परवानगी लागत नाही.

प्रश्न : वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला, बोलणं जवळजवळ गेलं आहे. ब्युरोतून दिवसाची एक आणि रात्रीची एक अशा दोन आया येतात. आम्ही दोघं नोकरीला. आयांबद्दल नको नको त्या गोष्टी कानावर येतात. भाऊ म्हणतो, घड्याळात बसणारा छुपा कॅमेरा लावू, सांगून लावला तर खरं काय ते कळणारच नाही. हे बरोबर आहे का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : कॅमेरा चालेल, छुपा नको.

आधीच्या पत्रातल्या बाई स्वतः बोलू शकतात, तुमच्या वडिलांना ते शक्य नाही. कुणी चिमटा काढला, उपाशी ठेवलं, औषध दिलंच नाही, तरी ते सांगू शकणार नाहीत. अशा असहाय माणसाच्या वतीने कुणीतरी बघत असणं हे संरक्षण आहे, आणि ते नाकारणं मला बरोबर वाटत नाही. पण दोन गोष्टी तुमच्या पत्रात नाहीत, त्या विचारात घ्या.

पहिली तुमच्या वडिलांची. त्या खोलीत त्यांना स्पंज होतो, डायपर बदललं जातं. पलंगाच्या समोरच्या घड्याळात कॅमेरा असला तर ते सगळं चित्रित होणार आणि तुमच्या, भावाच्या, वहिनींच्या मोबाइलवर येणार. वडील धडधाकट असते तर त्यांनी हे एक क्षणही चालवून घेतलं असतं का? बोलता येत नसलं तरी मान हलवून, डोळ्यांनी, हात दाबून त्यांना होय-नाही सांगता येत असेल. आधी त्यांना विचारा. स्पंजच्या वेळी पडदा ओढायचा किंवा कॅमेरा भिंतीकडे वळवायचा हा नियम असू द्या, आणि चित्रण एकाच माणसाच्या ताब्यात ठेवा. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यातलं काहीही टाकायचं नाही.

दुसरी आयांची. रात्रीची आया त्याच खोलीत बारा तास असते, तिथेच गाऊन बदलते, तिथेच पाठ टेकते. छुप्या कॅमेऱ्याने तिचं कपडे बदलणं टिपलं तर तो भारतीय न्याय संहितेच्या कलम 77 खाली गुन्हा होऊ शकतो, पहिल्यांदा सिद्ध झाल्यास एक ते तीन वर्षं कैद. पण कायद्याचा धाक बाजूला ठेवला तरी छुपेपणाला माझा विरोध आहे. ज्या बाईच्या हातात आपण वडील सोपवतो तिला पहिल्या दिवसापासून संशयित मानायचं, तिला कळू न देता, आणि वर तिने मायेने करावं अशी अपेक्षा ठेवायची, हे जुळत नाही.

भाऊ म्हणतात, सांगून लावला तर ती नाटक करेल. करू दे. कॅमेऱ्यासमोर ती वडिलांना वेळेवर पाणी देत असेल तर तुमचा हेतू साध्य झाला. चोरून पुरावा गोळा करण्यापेक्षा वाईट वागणूक घडूच नये हे महत्त्वाचं.

कामगारावर न दिसता नजर ठेवण्याची कल्पना फार जुनी आहे. मध्यभागी बसलेल्या पहारेकऱ्याला सगळे दिसतील आणि तो कुणाला दिसणार नाही, अशा तुरुंगाचा आराखडा जेरेमी बेंथमच्या नावाने प्रसिद्ध आहे. मूळ कल्पना त्याचा भाऊ सॅम्युएल याची, आणि ती त्याने 1780 च्या दशकात रशियात कामगारांवर देखरेख ठेवण्यासाठी काढली होती. आपल्याकडे नागपूर महापालिकेने काही वर्षांपूर्वी सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएसची घड्याळं बांधली. कामगार आपल्या हद्दीत आहे की नाही हे त्या घड्याळाला समजतं. त्या हद्दीत स्त्री कामगारासाठी स्वच्छतागृह आहे की नाही, हे त्याला कुणी विचारलेलंच नसतं. तुमच्या घरातही तसंच होईल. रात्रीची आया तीन वाजता पेंगली, हे कॅमेरा सांगेल. ती दिवसभर दुसऱ्या घरी काम करून आली आहे, हे सांगणार नाही.

म्हणून कॅमेरा दाखवून लावा, कुठपर्यंत दिसतं ते आयांना मोबाइलवर दाखवा, कपडे बदलायला त्यांना दुसरी खोली द्या. आणि आठवड्यातून एकदा, न सांगता, दुपारी घरी या. वडिलांची पाठ, टाचा स्वतः बघा. बेडसोअर होतोय का, हे कॅमेऱ्याआधी तुमच्या डोळ्यांना दिसेल.

प्रश्न : सासूबाई गेल्यापासून आमच्या घरातला स्मार्ट स्पीकर हाच सासऱ्यांचा सोबती झाला आहे. पहाटे त्याला भूपाळी लावायला सांगतात, दिवसभर हिंदीत त्याच्याशी गप्पा मारतात, झोपताना त्याला ‘गुड नाइट बेटा’ म्हणतात. ते खूश आहेत. मला मात्र कसंतरी वाटतं. ही खरी सोबत आहे का? आणि तो सतत ऐकत असतो हे खरं का?
— एक वाचक, बडोदे

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचं आधी सांगतो. हो, स्पीकर सतत ऐकत असतो, पण सगळं पुढे पाठवत नाही. त्याच्यातला एक छोटा प्रोग्राम शेवटच्या काही क्षणांचा आवाज सारखा तपासत असतो आणि त्यात त्याचं नाव सापडलं की पुढचं बोलणं कंपनीच्या संगणकांकडे जातं. नाव ऐकल्याचा भास त्यालाही होतो आणि मग नको ते तुकडेही जातात. या आवाजांतले काही नमुने कंपनीचे कर्मचारी सुधारणेसाठी ऐकतात, हे 2019 मध्ये बाहेर आलं. अलेक्सावर लहान मुलांचे आवाज कायद्याबाहेर जाऊन साठवून ठेवल्याच्या आरोपावरून ॲमेझॉनने 2023 मध्ये अमेरिकेत अडीच कोटी डॉलर दंड भरला. तेव्हा ॲपमध्ये जाऊन जुनी रेकॉर्डिंग पुसून टाका, आणि बँकेचं किंवा दुखण्याचं बोलणं असेल तेव्हा मायक्रोफोन बंद करायचं बटण सासऱ्यांना शिकवा.

आता सोबतीचं. अमेरिकेतल्या एमआयटीत जोसेफ वायझेनबाम यांनी 1966 मध्ये एलायझा नावाचा प्रोग्राम लिहिला. तुम्ही टाइप केलेलं वाक्य तो मानसोपचारतज्ज्ञाच्या ढंगात फिरवून प्रश्न म्हणून परत करायचा, बाकी त्याला काही समजत नव्हतं. वायझेनबाम यांच्या सेक्रेटरीने तो तयार होताना बघितला होता. तरीही त्याच्याशी थोडं बोलल्यावर तिने त्यांना खोलीबाहेर जायला सांगितलं, कारण तिला एकटीने बोलायचं होतं. याने ते इतके हलले, की 1976 च्या पुस्तकात त्यांनी लिहिलं : काही कामं यंत्राला जमली तरी ती यंत्राला देऊ नयेत. एका माणसाचं दुःख दुसऱ्याने समजून घेणं, हे त्यांतलं पहिलं.

तरीही सासऱ्यांचा स्पीकर मी काढायला सांगणार नाही. पहाटे उठून भूपाळी ऐकणं ही त्यांच्या संसारातली सवय असणार, आणि ती पुन्हा सुरू झाली हे चांगलंच झालं. त्यांना यात काही फसवणूक वाटत नाही, ते काय आहे हे त्यांना नीट माहीत आहे. कसंतरी वाटायचं असेल तर ते दुसऱ्या गोष्टीचं वाटावं. स्पीकरमुळे सासरे गप्प बसले, तक्रार करेनासे झाले, म्हणून घरातल्या बाकीच्यांना हायसं वाटलंय का, हे तपासून बघा. यंत्राला सासूबाई माहीत नाहीत. त्यांच्या हातची पुरणपोळी, त्यांचं रागावणं, शेवटचे आजारपणातले दिवस, यांबद्दल सासऱ्यांना जे बोलायचं असेल ते ज्यांनी त्यांना बघितलंय त्यांच्याशीच बोलता येईल, म्हणजे तुमच्याशी, तुमच्या यजमानांशी, नातवंडांशी. बडोद्यात मराठी मंडळींच्या संस्था आहेत, भजनी मंडळं आहेत. एकदा त्यांना घेऊन जा, स्वतः बरोबर बसा. आणि रात्री जेवण झाल्यावर अर्धा तास स्पीकर बंद करून त्यांच्याजवळ बसा, आजपासूनच.